तिसऱ्या रकान्यातली खूण

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझ्या बाकीच्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत — कुणाशी अबोला धरला, कुणाच्या लग्नाला मुद्दाम गेलो नाही, कुठल्या परीक्षेत दोनदा आपटलो — सगळं. हे मात्र नाही. पंचवीसेक वर्षं झाली असतील. दोन-तीनदा तोंडाशी आलं होतं. एकदा तर तिनंच विचारलं, एवढे कसल्या विचारात आहात? मी म्हटलं, उकडतंय फार. आमच्या धुळ्यात ते कारण वर्षातले आठ महिने चालतं.

आज तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही माहीत नाही. मन हलकं होईल म्हणून म्हणावं, तर तसं काही होत नसतं. आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं ते माणूस आता नाही. म्हणजे सांगण्याची वेळ मी व्यवस्थित घालवून झाल्यावर तोंड उघडतोय. माझ्या स्वभावाला धरूनच आहे ते.

माझी ख्याती मात्र वेगळी आहे बरं का. धुळ्यात कॉम्प्युटरच्या कामातली निम्मी पोरं माझ्या हाताखालून गेलीत. ती मला सर म्हणतात. सरांचं काम म्हणजे बघायला नको, सर एकेक गोष्ट दोनदा तपासतात, सर कागदावर खूण केल्याशिवाय खुर्चीतून उठत नाहीत — असं ती एकमेकांना सांगतात. मी ऐकतो आणि मान डोलावतो. खूण! त्यांना काय माहीत, मी खुणा कशा करायचो ते.

सांगतो. थोडं मागून सांगावं लागेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा तिशीच्या आतला, आणि धुळ्यातल्या एका छोट्या संस्थेत कॉम्प्युटरचं काम बघत होतो. संस्थेचं नाव घेत नाही; तिचा काही दोष नव्हता. पिंपळनेरच्या पलीकडे डोंगराकडच्या पाड्यांवर जायचं, लोकांचं रक्त तपासायचं, सिकलसेल कुणाला आहे ते शोधायचं, हे तिचं काम. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे ठणकतात, पोरं अशक्त राहतात — तो आजार. काहींच्या अंगात तो नुसता दडून असतो, त्यांना स्वतःला त्रास काहीच नाही. पण नवरा आणि बायको दोघांच्याही अंगात दडलेला असला, तर पोराला पुरता होऊ शकतो. म्हणून लग्नाच्या आधी कळलं तर बरं. त्यासाठी संस्था प्रत्येकाला एक कार्ड देणार होती. संस्था चालवणारे डॉक्टर साधे, तापट आणि प्रामाणिक होते. ऑफिस म्हणजे अंगणाच्या अलीकडे दोन खोल्या, पलीकडे एक.

पलीकडच्या त्या खोलीत सुमनअक्का बसायच्या.

अक्का शिंदखेड्याच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी पायपिटीत काढलेली, आणि निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून इथे आलेल्या. पाड्यांवरची माणसं त्यांना नावानिशी ओळखायची; अर्ध्या पोरांची नाळ यांनीच कापलेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना फिरतीवरून काढून कॉम्प्युटरवर बसवलं. साठीच्या घरातली बाई, जन्मात कधी टाइप केलेलं नाही. शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी काही फार चांगला गुरुजी नव्हतो — एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की माझा आवाज चढायचा. अक्का हसून म्हणायच्या, चिडू नका भाऊ, माझं डोकं जुनं आहे, शिरायला वेळ लागतो. माझ्याहून तीस वर्षांनी मोठी बाई मला भाऊ म्हणायची. आणि शिकल्या हो! दोन बोटांनी का होईना, एकेक अक्षर बघून, पण चूक नाही. टाइप केलेली प्रत्येक नोंद त्या बोट ठेवून पुन्हा वाचायच्या. सुई टोचण्याआधी बाटलीवरचं नाव दोनदा वाचायची सवय होती, तीच इथे आली.

आता चिठ्ठ्यांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. पाड्यावर रक्त घेतलं की प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी व्हायची. तपासणी झाली की निकाल त्याच चिठ्ठीवर लिहिला जायचा. अक्का ती कॉम्प्युटरवर चढवायच्या. मग ती चिठ्ठी जाळायची. हो, जाळायची. डॉक्टरांचा हा नियम फार कडक होता. रद्दीत गेलेली एक चिठ्ठी पुडीला आली आणि कुणी वाचली, तर एखाद्या पोरीचं लग्न मोडतं, असं ते म्हणायचे, आणि त्यांनी तसं बघितलेलं होतं. पण जाळायच्या आधी एक गोष्ट व्हायलाच हवी — कॉम्प्युटरवरच्या नोंदींची दुसरी प्रत निघालेली असली पाहिजे, आणि तशी सही रजिस्टरमध्ये झालेली असली पाहिजे. सही करणारा मी.

त्यामुळे दर शनिवारी दुपारी अक्का चिठ्ठ्यांचा गठ्ठा पदराआड धरून अंगण ओलांडून यायच्या. माझ्या दारात उभ्या राहायच्या. विचारायच्या, "भाऊ, जाळू ना?"

मी सही करायचो आणि म्हणायचो, जाळा अक्का. अंगणात एक पत्र्याचं पिंप होतं. त्यात एकेक चिठ्ठी टाकून, सगळ्या जळेपर्यंत, त्या उन्हात उभ्या राहायच्या.

दुसरी प्रत काढायला एक खोकं होतं. कुठल्याशा देणगीतून आलेलं, काळं, लोखंडी, पंख्यासारखं घरघरणारं. ऑफिस सुटलं की रोज सात वाजता ते आपोआप सगळ्या कॉम्प्युटरांवरची माहिती ओढून टेपवर उतरवायचं. नाशिकहून इंजिनिअर येऊन ते बसवून गेला होता. त्याला तीन अंगं होती. एक ते खोकं स्वतः. दुसरं टेपा बदलणारं यंत्र, त्याला वेगळा पडदा आणि वेगळी बटणं. आणि तिसरं म्हणजे एक छोटा प्रोग्राम, जो अक्कांच्या कॉम्प्युटरवर बसवलेला होता. सात वाजता तो खोक्याला हाक मारायचा आणि आपल्याकडच्या नोंदी त्याच्या हवाली करायचा.

पण हाक मारायची तर पत्ता लागतो. या यंत्रांना एकमेकांची नावं ठाऊक असतात, घरं ठाऊक नसतात. नवख्या माणसानं गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीवर विचारावं तसं ती एका ठरलेल्या कॉम्प्युटरला विचारतात — अमुक कुठे राहतो? त्या पत्ते सांगणाऱ्याला डीएनएस सर्व्हर म्हणतात. आमच्याकडचा तो सर्व्हर जुना झाला होता, उन्हाळ्यात धापा टाकायचा. नवा आणला. नव्याचा क्रमांक वेगळा. म्हणजे आता तिन्ही अंगांना सांगायला हवं होतं की बाबांनो, जुनी टपरी उठली, यापुढे इकडे विचारा. एकाला सांगितलं की बाकीच्यांना आपोआप कळतं असं नाही. तिघांच्याही पोटात तो क्रमांक आपापला लिहिलेला असतो, आणि तिन्ही ठिकाणी जाऊन हातानं बदलावा लागतो. इंजिनिअरनं मला फोनवर हे तीनदा बजावलं होतं. मी एक कागद आखला होता. तीन रकाने — खोकं, टेपयंत्र, अक्कांचा कॉम्प्युटर. बदल झाला की रकान्यात खूण करायची. बघा, तेव्हाही मी पद्धतशीरच होतो!

आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, आदला दिवस होता तो.

आखाजीला खानदेशात कामावर कोण असतं? लेकी माहेरी आलेल्या, लिंबाला झोके, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. आणि बाप्यांचे पत्ते. आमच्या एरंडोलला आखाजीचे पत्ते म्हणजे काय असतात ते तिथल्या माणसालाच विचारा. वर्षभर बापासमोर पत्त्याला हात न लावणारं पोरगं त्या दिवशी बापाच्याच डावात बसतं. माझे मित्र सकाळपासून बसणार होते, आणि मला साडेतीनची एसटी गाठायची होती. अक्का दुपारीच शिंदखेड्याला गेल्या होत्या, त्यांच्या दोन्ही लेकी येणार होत्या म्हणून. खोलीला कुलूप. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला घरी. घर काही लांब नव्हतं, दहा मिनिटांवर.

मी खोक्यातला क्रमांक बदलला. खूण केली. टेपयंत्रातला बदलला. खूण केली. घड्याळ बघितलं, तीन वाजून गेले होते. अंगणात पांढरं ऊन. मी दारातून पलीकडच्या कुलपाकडे बघितलं — आणि तिसऱ्या रकान्यात खूण केली. खाली सही. तारीख.

आल्यावर करू, असं मनात म्हटलं असेन. जुना सर्व्हर अजून चालूच आहे, चार दिवस काही बिघडत नाही, असंही. आणि ते खरंही होतं. चार दिवस काहीच बिघडलं नाही. मी पत्ते खेळलो, रस खाल्ला, दोन दिवस झोपलो.

परत आल्यावर विसरलो, असं लिहायला हात शिवशिवतोय. विसरलो असतो तर हे लिहितच बसलो नसतो. आठवड्यानं जुना सर्व्हर मीच बंद केला. बटणावर हात होता तेव्हा नीट आठवलं, अक्कांचा राहिलाय. पण अक्का तिकडे टाइप करत बसलेल्या. त्यांना उठवायचं, सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं, मग त्या दहा प्रश्न विचारणार, भाऊ, आता हे काय नवीन? चहा झाला की जाऊ, म्हटलं. आणि बटण दाबलं. चहा झाला. दुसरं काम आलं. कागदावर तर खूण होतीच. एकदा लिहून ठेवलेलं खोटं किती आरामात खरं वाटायला लागतं! माणूस स्वतःच्याच अक्षरावर विश्वास ठेवतो.

रोज सकाळी खोकं एक लांबलचक कागद छापायचं. शेवटी एक ओळ असायची, काम पूर्ण, एक इशारा. इशारा कशाचा, ते वर कुठेतरी लिहिलेलं असायचं. मी वर कधी बघितलं नाही. आधीही एखादा इशारा यायचाच, टेप साफ करा वगैरे. बघितलं असतं तर एका ओळीत होतं — अमुक कॉम्प्युटरकडून काही आलं नाही. पण मी का बघत नव्हतो? आळस? की बघितलं तर उठावं लागेल म्हणून? हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय, आणि दर वेळी उत्तर माझ्या सोयीचं निघतं, म्हणून आता विचारणं सोडलंय.

शनिवार आला. अक्का दारात. "भाऊ, जाळू ना?"

त्या क्षणी मला माहीत होतं का? पूर्ण नाही. अर्धंमुर्धं होतं. सही केली. जाळा अक्का. असे सात शनिवार गेले. अकरा पाड्यांच्या चिठ्ठ्या त्या बाईनं माझ्या तोंडच्या शब्दावर, एकेक करून, त्या पिंपात टाकल्या.

आठव्या आठवड्यात पावसाळी वाऱ्यानं वीज दिवसभर येत-जात होती, आणि अक्कांचा कॉम्प्युटर बसला तो उठलाच नाही. डिस्क जळाली होती. अक्का घाबरल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, तुमच्या खोक्यात आहे ना सगळं, मग काय काळजी. मी खोक्यासमोर बसलो आणि शोधलं. अक्कांच्या कॉम्प्युटरची शेवटची प्रत जुना सर्व्हर बंद केला त्याच्या आदल्या दिवशीची होती. त्यानंतर काहीच नाही. अकरा पाडे नाहीत.

मी घाबरलो, हे खरं. पण दहा मिनिटांतच डोकं चालायला लागलं, हेही खरं. आणि ते किती छान चाललं म्हणून सांगू! इतकं चलाख डोकं मी चांगल्या कामाला कधी वापरलं नाही. पहिल्यांदा मी रोजचे ते छापील कागद काढले आणि सगळे फाडले. नवी डिस्क बसवली. त्या छोट्या प्रोग्राममध्ये सर्व्हरचा नवा क्रमांक घातला — ज्याला दोन महिने वेळ मिळाला नव्हता ते काम चार मिनिटांत झालं. आता तिन्ही खुणा खऱ्या होत्या. मग मी डॉक्टरांकडे गेलो.

त्यांना म्हणालो, खोकं ठीक आहे, रजिस्टर ठीक आहे. पण सर, खोकं समोर जे असेल त्याचीच प्रत काढतं. मुळात नोंदीच पुसल्या गेल्या असतील तर प्रतीतही त्या कुठून येणार?

यात अक्कांचं नाव मी घेतलं नाही, हे बघितलंत? मी फक्त एक दार उघडं ठेवलं आणि डॉक्टर आपले त्यातून आत गेले. म्हातारं माणूस, दोन बोटांनी टाइप करणारं — आणखी कोण असणार? त्यांनी अक्कांना बोलावून सगळ्यांसमोर झापलं. काय काय बोलले ते सांगत नाही. अक्कांनी एकदाही मान वर केली नाही. त्यांना कॉम्प्युटरवरून काढलं. मी भिंतीशी उभा होतो, आणि माझ्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचे भाव होते. खोटे नव्हते ते, खरंच वाईट वाटत होतं. त्याचा काय उपयोग!

तुम्हाला वाटलं असेल, हाच तो कबुलीजबाब. भित्रा माणूस, नोकरीच्या भीतीनं गप्प बसला. असतात अशी माणसं. एवढंच असतं तर मी कदाचित कधीच सांगून टाकलं असतं, चहाच्या टपरीवर, हसत हसत. भित्रेपणा सांगता येतो. पुढचं सांगता येत नाही.

दोन दिवसांनी अक्का माझ्या खोलीत आल्या. दार लोटलं आणि समोर बसल्या. ऑफिसात त्या नेहमी आमच्याशी शहरी बोलायच्या, त्या दिवशी घरची बोली आली.

"भाऊ, तुम्हले त्यामातलं कळस. मना हात कोठे लागना ते सांगा. कोनता बटन दाबाई गया? दोन दिनपाईन माले झोप नही शे."

त्या रागावायला आल्या नव्हत्या. मी नाही केलं असं सांगायलाही नाही. त्यांनी मानलंच होतं की चूक त्यांची. एवढी शिकलेली माणसं सांगतात म्हणजे असेलच. त्यांना फक्त कळायला हवं होतं, नेमकी कशी झाली. सगळा जन्म त्यांनी औषधं मोजण्यात काढला होता. आपल्या हातून काय घडलं हे माहीत नसणं त्यांना सोसत नव्हतं.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. अक्का, तुमचा हात कुठेच लागला नाही — एवढं एक वाक्य. त्यांनी डॉक्टरांना सांगितलंही नसतं कदाचित. त्या तशाच होत्या. नाहीतर मी नुसतं म्हणायचं, मला माहीत नाही अक्का. तेही जमलं असतं.

मी काय केलं? मी त्यांना एक बटण दाखवलं.

कीबोर्ड पुढे ओढला, वरच्या ओळीतल्या एफ-नऊवर बोट ठेवलं, आणि म्हणालो, संध्याकाळी काम आवरताना तुमचा हात इथे लागत असेल. हे दाबलं की आधीच्या नोंदी निघून जातात. त्या बटणानं आमच्या त्या प्रोग्राममध्ये काहीच होत नव्हतं. काहीच नाही. दिवसभर दाबत बसलात तरी पडद्यावरचा ठिपका हलायचा नाही. मी ते का निवडलं? हाताला जवळ होतं म्हणून.

अक्कांनी वाकून त्या बटणाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूहळू मान हलवली. हां, म्हणाल्या, असंल. संध्याकाळी चष्मा काढते ना मी. लागला असंल हात. आणि मग त्यांना आठवायलाही लागलं — एकदा असं झालं होतं बघा, एकदा तसं झालं होतं. जे कधी झालंच नाही ते ती बाई माझ्यासमोर बसून आठवत होती. मी हो हो म्हणत होतो. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर पलीकडच्या खोलीतल्या कीबोर्डवर एफ-नऊवर पांढरी चिकटपट्टी लावलेली. जखमेवर लावतात ती. नवी मुलगी येईल तिच्या हातून तरी होऊ नये, म्हणून अक्कांनी पेटीतून कापून आणून लावली होती. ती पट्टी तिथे वर्षभर राहिली. मळली, कडा सुटल्या. मला काढता आली नाही, आणि दुसऱ्या कुणी काढायचं कारण नव्हतं. सगळ्यांना आता माहीत होतं की ते बटण वाईट आहे.

राहिलं शेवटचं.

अकरा पाड्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं ठरलं. पावसाळा उलटल्यावर, दिवाळीच्या आधी निघालो. अक्कांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, मला न्या, पगार नको. गुडघे तसेच होते. जीप जाते तिथवर जीप, पुढे पायी, एका हातात काठी. नोंदी जागच्या जागी नीट लिहून घ्यायला म्हणून मला बरोबर दिलं होतं.

पहिल्याच पाड्यावर लोकांनी बोट पुढे करायला नकार दिला. भांडले नाहीत. नुसते ओट्यांवर बसून राहिले. मग एक म्हातारा उठला, त्याला सगळे आबा म्हणत होते. तो अक्कांनाच म्हणाला, "पहिलं रगत लई गयात तुम्ही. त्यानं काय कयं ते सांगा पहिले."

आधी नेलेल्या रक्ताचं काय केलं ते डॉक्टर सांगायला लागले, मशीन बिघडलं वगैरे. अक्कांनी त्यांना हातानं थांबवलं. काठी खाली ठेवली. आणि त्या अंगणाच्या मधोमध, जिथल्या निम्म्या पोरांची नाळ त्यांनी कापली होती, तिथे त्यांनी दोन्ही हात जोडले.

"मना हाततीन चूक व्हयनी आबा. तुम्हनं बठ्ठं लिखेल मनाच हाततीन पुसाई गयं. डॉक्टरनी चूक नही शे. आठे कोनीच चूक नही शे. मनी शे. माले माफ करा."

मी त्यांच्यापासून चार पावलांवर होतो. हातात कापसाचं बंडल होतं. डॉक्टरांनी मान खाली घातली होती. त्यांना वाटत होतं, आपल्याला अक्कांची लाज वाचवता आली नाही. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःच येऊन बोट पुढे केलं. त्याच्यामागे बाया आल्या, पोरं आली. मी कापूस देत गेलो. नावं लिहीत गेलो. माझं अक्षर त्या दिवशी फार सुरेख आलं होतं, डॉक्टरांनी नंतर कौतुक केलं.

असं अकरा ठिकाणी झालं. अकरा वेळा तिनं हात जोडले. तेच शब्द. दहा पाड्यांनी बोट दिलं. अकराव्यानं दिलं नाही, माफ केलं असं म्हणून दारं लावून घेतली. तो पाडा राहिला तो राहिलाच, तिथल्या पोरांना आमचं कार्ड कधी मिळालं नाही. त्यांच्यातलं कोण कुणाशी लग्न करून बसलं असेल, कुणाच्या घरात पोर ठणकत असेल, हे मी चौकशी करून माहीत करून घेऊ शकलो असतो. केलेली नाही.

आणि दर वेळी मी चार पावलांवर उभा होतो. एकदा नाही, अकरा वेळा. पहिल्या वेळी माणूस गांगरतो असं म्हणा. दुसऱ्या वेळी? सातव्या वेळी? पुढे पुढे तर मला पाठ झालं होतं, कुठल्या शब्दानंतर ती थांबते, कुठे आवाज बसतो. मी त्या वेळात कापसाचे बोळे करून ठेवायचो, म्हणजे नंतर घाई नको.

शेवटच्या पाड्यावरून परतताना जीपमध्ये अक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या. पाय सुजून टम्म झाले होते. पिंपळनेर मागे पडलं तेव्हा त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मला नीट समजावून सांगितलं म्हणून बरं झालं. नाहीतर मी त्यांना काय तोंडानं सांगितलं असतं? खोटं बोलावं लागलं असतं."

मी म्हणालो, "हो अक्का."